तिची चाल होती, तुझी नव्हती

प्रिय मुंगी,

हे पत्र कुरिअरने मावशीच्या पत्त्यावर पाठवतोय आणि पाकिटावर तुझं नाव ठळक अक्षरात घालतोय, म्हणजे ती विजेच्या बिलांबरोबर फ्रिजवर ठेवून विसरणार नाही. फोन करून झाला. रविवारी तू ज्या तऱ्हेने रिसीव्हर खाली ठेवलास, त्यावरून पुन्हा फोन करण्यात अर्थ नाही हे माझ्यासारख्या मठ्ठ माणसालाही कळलं. आपटला असतास तर बरं वाटलं असतं. तू तो हळूच ठेवलास, आजारी माणसाच्या खोलीचं दार ओढून घ्यावं तसा. तेव्हापासून मी ताटावरून अर्धवट उठतो. तुझी आई म्हणते, पित्त झालंय. होऊ दे तिला तसं वाटायचं तर. आज मंगळवार, निवाडा लागून अकरावा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मुदत संपते.

तेव्हा आधी कामाचं लिहितो, कारण पत्र लांबणार आहे आणि तू शेवटपर्यंत वाचशील याचा भरवसा नाही. बुद्धिबळाच्या साखळी स्पर्धेचा नियम असा आहे की अपुऱ्या राहिलेल्या डावाचा निवाडा मान्य नसेल, तर चौदा दिवसांच्या आत खेळाडूने स्वतःच्या अक्षरात तक्रार लिहायची आणि खाली स्वतःची सही करायची. खेळाडूने म्हणजे खेळाडूनेच. बापाने नाही, आईने नाही आणि ज्याने निवाडा दिला त्याने तर नाहीच नाही. मी काल संघटनेच्या चिटणिसांकडे जाऊन आलो. त्यांच्या त्या कोंदट खोलीत ट्रॉफ्यांच्या खोक्यांवर बसून अर्धा तास डोकं फोडलं. म्हटलं, माझा निवाडा चुकलाय, मीच सांगतोय, फिरवा. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या तोंडच्या शब्दावर मी तुमच्याच पोरीचा निकाल फिरवला, तर उद्या सगळी पालकमंडळी माझ्या दारात उभी राहतील. तिचा कागद येऊ द्या. कागद आला की मी डाव पुन्हा मांडायला लावतो, माझी काही हरकत नाही." माणूस नियमाला धरून बोलत होता. त्याच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, आणि अशीच मान हलवली असती.

तुला सांगायला नको, तरी लिहितो. त्या एका डावाचा अर्धा गुण मिळाला तर तू सहावी येतेस, आणि मुलींच्या एकवीस वर्षांखालच्या संघात सहाजणी घेतात. नाही मिळाला तर सातवी. यादी शुक्रवारी सहा वाजता फलकावर लागणार, मुदत संपल्यावर बरोबर एका तासाने. पुढच्या वर्षी तू एकवीस पूर्ण करतेस, म्हणजे या गटातून तू बाद. वयाच्या सातव्या वर्षापासून ज्या संघाचं नाव घेत आलीस त्याचं दार या शुक्रवारी सहा वाजता बंद होतं, आणि ते उघडं ठेवायला तुझी एक सही पुरे आहे. मुंगे, मी तुझ्या पाया पडतो म्हटलं तर तुला ते आवडणार नाही, म्हणून म्हणत नाही. पण पडल्यातच जमा आहे असं धर.

तू मावशीच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागलीस, हे तिनेच कौतुकाने सांगितलं. काचा पुसतेस, फ्रेमचे स्क्रू आवळतेस, म्हाताऱ्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवतेस. "पोरगी एकदम शिस्तीची आहे," म्हणाली. शिस्तीची असणारच, कोणाची आहे. मी उभा जन्म वजनमापे खात्यात काढला. लोकांचे तराजू तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, खरं असेल त्यावर शिक्का मारायचा. दुकानदार मला चहा विचारायचे धाडस करत नाहीत, हे मी घरी किती फुशारकीने सांगायचो ते तुला आठवत असेल. तुझी आई तेव्हा म्हणायची की हा माणूस एक दिवस माझ्या आमटीवरही शिक्का मारील. संघटनेने अपुऱ्या डावांच्या निवाड्याचं काम मला दिलं ते याच नावलौकिकावर. मी काही मोठा खेळाडू नव्हतो. बावीस वर्षं ते काम केलं, आणि या बावीस वर्षांत एकदाही माझा निवाडा कोणी फिरवला नाही.

तुला मुंगी हे नाव कसं पडलं ते तुला ऐकीव माहीत आहे, मला डोळ्यांसमोर दिसतं. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं जाता येतं हे शिकवल्यावरही तू एकच घर सरकवायचीस. विचारलं की म्हणायचीस, "घाई काय आहे?" माझ्या ऑफिसातल्या लांब व्हरांड्याला काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या. शनिवारी दुपारी साहेब गेले की तू आणि मी तिथे राजा-राजा खेळायचो. तू एका फरशीवर, मी समोर, मध्ये एक फरशी रिकामी. मी डावीकडे पाऊल टाकलं की तू पण त्याच बाजूला, उजवीकडे टाकलं की त्या बाजूला. मला तुझ्या पाठीमागच्या दारापर्यंत पोचायचं असायचं आणि तू मला पोचू द्यायची नाहीस. ज्याची पाळी, त्याची पंचाईत, हे तुला साडेसहाव्या वर्षी पायांनी कळलं होतं. शिपाई यायचा आणि म्हणायचा, साहेबांना नाच शिकवताय का. आपण दोघं हसत सुटायचो.

आता डावाच्या त्या रविवारकडे येतो. मी हॉलमध्ये नव्हतो. ज्याने निवाडा द्यायचा त्याने डाव बघायचा नाही म्हणून मी बाहेर बाकावर पेपर घेऊन बसलो होतो, आणि एकच पान दोन तास वाचत होतो. सहा वाजता नाचाच्या वर्गाला हॉल रिकामा करून द्यावा लागतो, त्यामुळे घंटा झाली तेव्हा तीन डाव अपुरे राहिले. त्यातला एक तुझा, त्या उंच मुलीबरोबर, जी दर चालीला आधी पाणी पिते. बाहेर आलीस तेव्हा तुझे कान लाल झाले होते, पण तू शांत होतीस. म्हणालीस, "बाबा, एक प्यादं कमी आहे, पण धरलाय डाव मी. ती आत येऊ शकत नाही." मी म्हटलं, मला काही सांगू नकोस, मला निवाडा द्यायचाय. तू ओठांवर बोट ठेवलंस.

बुधवारी तिन्ही डावांच्या शेवटच्या मांडणीच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. पूर्वी असं काही आलं की मी पट मांडून आठ-आठ दिवस डोकं खपवायचो, दोन जुन्या जाणत्यांना विचारायचो आणि मग बिचकत बिचकत लिहायचो की हरलेला आहे किंवा बरोबरी आहे. संघटनेने गेल्या वर्षी संगणक घेतला आणि हे सगळं संपलं. सोंगट्या पडद्यावर मांडायच्या, आता कोणाची चाल आहे ते एका बटणाने सांगायचं, आणि इंजिनाला, म्हणजे त्यातल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला, विचार करायला सोडून आपण खाली जाऊन चहा घ्यायचा. परत येईतो आकडा तयार. शून्य असेल तर बरोबरी. अधिक पाच, अधिक आठ असं काही असेल तर पांढरी जिंकली, उणे असेल तर काळी. मला ते यंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं होतं, तुला माहीत आहे. किती भरभरून बोलायचो मी त्याबद्दल जेवताना. ज्याला माल कोणाचा आहे हे माहीत नाही असा तराजू, म्हणायचो. तुझी आई म्हणायची, बटण दाबणारा तर ओळखीचाच आहे ना.

तुझा डाव म्हणजे त्या व्हरांड्यातलाच खेळ होता. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, बाकीची प्यादी एकमेकांना अडवून बसलेली आणि तिचं एक प्यादं जास्तीचं. चिठ्ठीवर तुम्हा दोघींच्या सह्या होत्या आणि खाली स्वच्छ लिहिलं होतं, पुढची चाल पांढऱ्याची. म्हणजे तिची. ती डावीकडे गेली की तू तिच्यासमोर, उजवीकडे गेली की तू तिच्यासमोर. प्यादं पुढे ढकललं तर ते तिथेच अडकतं. बरोबरी. पण तीच मांडणी ठेवून चाल काळ्याची आहे असं धरलं, तर तुला समोरून हटावं लागतं, ती आत शिरते आणि सगळं संपतं. एका बटणाचा फरक. माझ्याकडून यंत्राला चाल तुझी आहे असं सांगितलं गेलं. ही ती चूक. त्यावर आकडा आला अधिक आठ पूर्णांक चार, आणि मी शुक्रवारी फलकावर तुझ्या नावासमोर हार लिहिली.

तू भांडली असतीस तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. तू भांडली नाहीस. फलक बघून घरी आलीस, चपला नीट ठेवल्यास आणि विचारलंस, "कुठून शिरते ती?" एवढंच. मी पेपरमागून म्हणालो, "इंजिन चाळीस चाली पुढे बघतं बाई, आपल्याला सगळं कसं दिसणार." तू मान डोलावलीस. मग आतल्या खोलीत पट मांडून बसलीस ती चार दिवस उठली नाहीस. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार, रविवार, सोमवार. जमिनीवर मांडी घालून, केस वर बांधून, तिच्या राजाला प्रत्येक वाटेने फिरवून बघत होतीस. मी दोन-तीनदा चहा घेऊन आलो आणि कप ठेवून लगेच गेलो. शनिवारी सकाळी तू मान वर न करता विचारलंस, "बाबा, राजा आधी मागे जाऊन फिरून येतो का? इंजिनाने तसं काही दाखवलं का?" आणि मी म्हणालो, "बघ. सापडेल."

सापडेल म्हणालो मी. जी वाट नव्हती ती सापडेल म्हणालो. गेले दहा दिवस हा शब्द माझ्या कानातून जात नाही. ऑफिसात एका भाजीवाल्याचा तराजू तपासत होतो, ताटली खाली-वर होत होती, आणि तिच्या प्रत्येक हेलकाव्याला मला तुझी ती वाकलेली पाठ दिसत होती. वजन बघायचं राहूनच गेलं. भाजीवाला म्हणाला, साहेब, बरं नाही का. मी न बघताच शिक्का मारला आणि बाहेर आलो. नोकरीतला असा पहिलाच शिक्का.

सोमवारी संध्याकाळी तू पट गुंडाळलास. सोंगट्या पिशवीत भरताना एकेक मोजून टाकत होतीस, म्हणून मला वाटलं राग गेला. जेवताना म्हणालीस, मावशीकडे जाते थोडे दिवस. आईने डबा करून दिला. तू मंगळवारी पहिल्या बसने गेलीस आणि जाताना माझ्याकडे बघून हसलीस, ते हसू मला अजून कळलेलं नाही. शनिवारी मावशीचा फोन आला. पिशवीतला पट आणि सोंगट्या तू तिच्या शेजारच्या मुलींना देऊन टाकल्यास, असं ती सहज बोलता बोलता सांगून गेली. तिने म्हणे विचारलं तुला, अगं एवढी वर्षं खेळलीस, एका डावावरून असं काय करतेस. त्यावर तू म्हणालीस, "डावाचं काही नाही मावशी. मला दिसत नाही. बाबांना दिसतं, मशीनला दिसतं, मी चार दिवस बघितलं तरी मला दिसलं नाही. मग कशाला उगीच." हे तिने मला जसंच्या तसं ऐकवलं आणि पुढे दुकानातल्या नव्या फ्रेमबद्दल बोलत राहिली. मी हो हो करत होतो. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि रडलो. तुझ्या आईने बाहेरून विचारलं, पाणी वाया का घालवताय.

कारण तुला दिसत होतं. तुलाच दिसत होतं. त्या रविवारी घंटा व्हायच्या आधी, पटावर, घड्याळ चालू असताना तुला जे दिसलं होतं तेच खरं होतं, आणि नंतरचे चार दिवस तू जे शोधत होतीस ते सापडलं नाही कारण ते तिथे नव्हतंच. नसलेली गोष्ट न सापडणं म्हणजे आंधळेपण नव्हे, पोरी. उलट तुझी नजर इतकी साफ आहे की चार दिवस मनाला पटवायचा प्रयत्न करूनसुद्धा तिने तुला खोटी वाट दाखवली नाही. दुसरी कोणी असती तर तिने सोमवारपर्यंत कुठलीतरी वाट कल्पनेने उभी केली असती आणि हं, इथून शिरते, म्हणून मोकळी झाली असती. तुला ते जमलं नाही. आणि त्यावरून तू ठरवलंस की तुला खेळता येत नाही.

म्हणून रविवारी फोन केला. घाईघाईत सगळं सांगून टाकलं, की डाव बरोबरीचा होता, माझ्याकडून बटण चुकलं, तू तक्रार दे. तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, लगेच कळतं. मावशीने काहीतरी सांगितलं ना तुम्हाला? माझी समजूत काढू नका. बावीस वर्षांत तुमचं बटण कधी चुकलं नाही, नेमकं माझ्याच वेळी चुकलं? मी तक्रार दिली तर लोक म्हणतील बापाने आधी पाडलं आणि मग दया येऊन उचललं. ते मला नको." आणि रिसीव्हर ठेवलास, वर लिहिलाय तसा. मी तुझ्या जागी असतो तरी मला पटलं नसतं. नेमकं माझ्याच वेळी कसं चुकलं, या प्रश्नाला मी दिलेलं कुठलंही उत्तर खोटंच वाटणार. मी दोन दिवस त्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय. म्हणजे उत्तर मला माहीत आहे, ते लिहायचं कसं हे शोधतोय.

गेल्या वर्षीचं ते प्रकरण तुला थोडंफार माहीत आहे, पूर्ण नाही. पालकांपैकी त्या दातांच्या डॉक्टरने संघटनेकडे अर्ज केला होता की निवाडा करणारे गृहस्थ आपल्या ओळखीच्या मुलांचे डाव बरोबरीत सोडवतात. अर्जात तथ्य नव्हतं, तसं लेखी उत्तरही मिळालं. पण त्याआधी मला समितीसमोर उभं केलं होतं. पाचजण टेबलामागे, मी खुर्चीवर, आणि पाचातले तिघे असे की ज्यांच्या मुलांचे निवाडे मी दिले होते. एकाने विचारलं, "उद्या तुमच्या मुलीचा डाव आला तर काय कराल?" मी म्हणालो, "जे इतरांचं करतो तेच." ते सगळे हसले. वाईट हसले नाहीत, सहज हसले, आपण सगळे संसारी माणसं आहोत अशा अर्थाने. मी घरी येऊन तुम्हा दोघींना सांगितलं की प्रकरण मिटलं. ते हसू मात्र माझ्या अंगाला चिकटून राहिलं. वर्षभर मी त्या हसण्याला मनात उत्तरं देत होतो. आंघोळ करताना, बसमध्ये, तराजू तपासताना. आणि मग बुधवारी तुझ्या डावाची चिठ्ठी माझ्या टेबलावर आली.

आता ते सांगतो जे फोनवर सांगितलं नाही, चिटणिसांना सांगितलं नाही, आणि या पत्रात वर चूक असा शब्द वापरून टाळलं. तो शब्द खोडत नाही, राहू दे, म्हणजे मी शेवटपर्यंत कसा पळत होतो ते तुला दिसेल. या पाकिटात तुझ्या डावाचे, संगणकातून छापलेले दोन कागद घातलेत. दोन्हींवर तारीख आणि वेळ छापलेली आहे, ती यंत्रच छापतं, त्यात मला काही करता येत नाही. एकावर दुपारी चार वाजून दहा मिनिटं, चाल पांढऱ्याची, आकडा शून्य पूर्णांक शून्य शून्य. दुसऱ्यावर चार वाजून तेहतीस मिनिटं, चाल काळ्याची, आकडा अधिक आठ पूर्णांक चार. कुठला आधीचा ते बघ. पहिल्यांदा मी बटण बरोबरच दाबलं होतं, मुंगे. बरोबरीचा आकडा माझ्यासमोर आला, मला आनंद झाला, आणि पाठोपाठ ते पाचजण हसले. बापाने पोरीला शून्य काढून दिलं, असं म्हणणार हे मला ऐकू आलं. मग नुसतं बघावं म्हणून मी चाल तुझी केली. आठ पूर्णांक चार आलं. आणि मला हायसं वाटलं. तू हरलीस हे बघून तुझ्या बापाला हायसं वाटलं, कारण आता त्याच्याकडे कोणी बोट दाखवणार नव्हतं. तो आकडा मी लिहिला. पहिला कागद खिशात घातला आणि घरी आलो, आणि तू विचारलंस कुठून शिरते ती, तेव्हा तो माझ्या खिशातच होता. मला खोटं बोलता येत नाही म्हणतेस, पण तुझ्याशी चार दिवस बोललो आणि तुला कळलं नाही, कारण तू मशीनवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला होतास. माझ्याकडे तुला पटवायला दुसरं काही उरलेलं नाही. मी दयेने बोलतोय असं तुला वाटू नये म्हणून हे लिहिलं. हे वाचून तुला माझी किळस आली तर येऊ दे, पण त्याबरोबर डाव बरोबरीचा होता हेही तुला मानावंच लागेल. गुरुवारची सकाळची बस धर. दोन्ही कागद तक्रारीला जोड. तुझ्या आईला हे मी आज संध्याकाळी सांगणार आहे, तू आलीस की दार तीच उघडेल. तक्रारीत, निवाडा करणाऱ्यांकडून चूक झाली, असं लिहू नकोस. त्यांना माहीत होतं, असं लिही.

ज्याला तुझा म्हणवून घ्यायला आज लाज वाटते, तरीही तुझाच,
बाबा